जेनेटिक्स आणि पर्सनलाइज्ड मेडिसिनमध्ये रिसर्च करायचाय? कुठून सुरू करायचं ते सविस्तर

"मॅडम, जेनेटिक्समध्ये रिसर्च करायचाय, कोणती डिग्री घेऊ?" हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की आता एकदाच सगळं नीट लिहून ठेवते. डिग्रीचं नंतर बघू. आधी हे काम नक्की काय असतं ते कळायला हवं, कारण बरेच जण मोठमोठी मशीन्स आणि डीएनएची गोल फिरणारी शिडी डोक्यात घेऊन येतात आणि दोन वर्षांनी, अरे इथे तर दिवसभर फाइल्सच बघायच्या असतात, म्हणून हिरमुसतात.

एक उदाहरण घ्या. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट टाकला की गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल नावाची गोळी देतात. ही गोळी पोटात जाते तेव्हा तिचं औषध झालेलंच नसतं, लिव्हरमधलं सीवायपी२सी१९ नावाचं एन्झाइम तिच्यावर काम करतं तेव्हा कुठे ती कामाची होते. आता काही लोकांच्यात या जीनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात. असा माणूस रोज वेळेवर गोळी घेतो, एक दिवस चुकवत नाही, डॉक्टरचंही काही चुकलेलं नसतं, आणि तरी त्याच्या रक्तात हवं तेवढं औषध तयारच होत नाही, गुठळीचा धोका तसाच राहतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१० मध्ये या गोळीवर चौकटीतली कडक वॉर्निंग छापायला लावली ती याचसाठी.

यात किती जणांचं काम आहे बघा. कोणीतरी एन्झाइम ओळखलं, कोणीतरी ते जीन लोकांलोकांत कसं वेगळं असतं ते शोधलं, कोणी हजारो पेशंटच्या डेटातून दाखवलं की या फरकामुळे खरंच जास्त त्रास होतो, कोणी टेस्ट बनवली, आणि कोणी तरी बसून लिहून दिलं की रिपोर्ट असा आला तर डॉक्टरने अमुक दुसरं औषध विचारात घ्यावं. हे शेवटचं काम करणारा सीपिक नावाचा गट २००९ पासून आहे, त्यांच्या गाइडलाइन्स फुकट वाचायला मिळतात, आणि माझ्या मते नवख्या माणसाने टेक्स्टबुकच्या आधी त्यातली एक पूर्ण वाचावी. कारण तिथे पानापानावर दोनच प्रश्न विचारलेले असतात: हे खरं आहे का, आणि खरं असेल तर या पेशंटचं उद्या काय बदलणार? सगळं करिअर या दोन प्रश्नांवर उभं असतं. मीही पुढे परत परत त्यांच्याकडेच येणार आहे.

"पर्सनलाइज्ड" म्हणजे किती पर्सनल?

बहुतेक वेळा हे काम एका माणसासाठी औषध बनवायचं नसतं, कोणत्या गटाला कोणतं औषध चालेल ते ओळखायचं असतं. अबाकावीर हे एचआयव्हीचं औषध घ्या, काही पेशंटना त्याची जीवघेणी रिअॅक्शन यायची. ज्यांच्याकडे एचएलए-बी*५७:०१ हा प्रकार आहे त्यांनाच प्रामुख्याने ती येते असं लक्षात आलं, मग २००८ मध्ये जवळपास दोन हजार पेशंटची ट्रायल छापून आली. त्यात आधी टेस्ट करून औषध दिलेल्या गटात पॅच टेस्टने, म्हणजे त्वचेवर औषध लावून, पक्की झालेली रिअॅक्शन एकालाही आली नाही. एक रक्ततपासणी, आणि एक भीती संपली. मला या क्षेत्रातलं सगळ्यात सुंदर काम कोणतं विचाराल तर मी हेच सांगते, मोठ्या बातम्या नाही.

पण खरोखर एका माणसासाठी बनवलेलं औषधही आता आहे. २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये एका बाळाला त्याच्या स्वतःच्या जीनमधल्या चुकीवर बेतलेलं जीन एडिटिंगचं औषध दिलं गेलं, सीपीएस१ नावाच्या एन्झाइमची कमतरता होती, अमोनिया अंगात साठतो असा आजार, आणि औषध सुमारे सहा महिन्यांत तयार झालं. हे सहा महिने ऐकून लोक भारावतात, मीही भारावले, पण त्यामागे बेस एडिटिंग म्हणजे डीएनएचं एकच अक्षर बदलायचं तंत्र, लिव्हरपर्यंत औषध नेणारे चरबीचे सूक्ष्म कण, प्राण्यांवरचे प्रयोग असं कितीतरी वर्षांचं काम आधीच करून ठेवलेलं होतं. तुम्ही या क्षेत्रात आलात तर बहुधा त्या आधीच्या वर्षांतल्याच कुठल्या तरी कामात असाल. त्याची मनाची तयारी ठेवा.

किती वर्षं लागतात त्याचं अजून एक उदाहरण देते. २००३ मध्ये फ्रान्समधल्या गटाने काही कुटुंबांत खूप जास्त कोलेस्टेरॉल का आहे ते शोधताना पीसीएसके९ या जीनमधला बदल शोधून काढला, त्यात हे जीन जास्तच काम करत होतं. मग टेक्ससमध्ये हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन यांनी उलटा प्रश्न विचारला, की हे जीन बंद पडलेली माणसं असतील तर ती कशी असतील? २००६ च्या त्यांच्या पेपरमध्ये दिसलं की असा बिघाड असलेल्या कृष्णवर्णीय लोकांत एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल सरासरी २८ टक्के कमी होतं आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार तब्बल ८८ टक्के कमी. म्हणजे निसर्गानेच ट्रायल करून ठेवली होती. हे जीन बनवतं ते प्रोटीन अडवणारी इंजेक्शन्स मंजूर झाली २०१५ मध्ये. पहिल्या पेपरपासून बारा वर्षं, आणि आमच्यात याला झटपट म्हणतात.

आत शिरायचे दरवाजे

ढोबळमानाने तीन. एक, डॉक्टर होऊन मग रिसर्चकडे वळायचं. दोन, बायोलॉजी किंवा जेनेटिक्स शिकून पीएचडी. तीन, कॉम्प्युटर किंवा स्टॅटिस्टिक्सकडून यायचं.

डॉक्टर असाल तर तुमच्याकडे पेशंट आहेत आणि प्रश्न कुठला महत्त्वाचा ते तुम्हाला आतून कळतं, हे फार मोठं भांडवल आहे, पण वेळ मिळत नाही. ओपीडी, राउंड, ड्युटी यातून उरलेल्या वेळात रिसर्च करेन म्हणणारे मी खूप पाहिलेत आणि त्यातले फार थोडे टिकले. नोकरी घेतानाच आठवड्यातले ठरावीक दिवस रिसर्चसाठी राखीव आहेत हे लेखी घ्या, तोंडी आश्वासनाला काही अर्थ नसतो. काही देशांत डॉक्टरकी आणि पीएचडी एकत्र करता येते, सात-आठ वर्षं तरी जातात, पण दोन्ही भाषा येतात.

बायोलॉजीवाल्यांना पेशी, प्रोटीन, प्रयोग हे कळतं पण आकड्यांची भीती असते. कॉम्प्युटरवाल्यांचं उलटं, कोड सुंदर लिहितात पण जीन बंद पडला म्हणजे पेशीत नेमकं काय होतं ते माहीत नसतं, त्यामुळे कॉम्प्युटरने दाखवलेला प्रत्येक सिग्नल खरा वाटतो. आपली बाजू कुठली कच्ची आहे ते प्रामाणिकपणे ओळखा आणि पहिलं वर्ष त्यावर घालवा.

आणि माझं ठाम मत आहे, पदवीलाच "पर्सनलाइज्ड मेडिसिन" असं नाव असलेला कोर्स शोधत बसू नका. आधी एका विषयात पाय रोवा, स्टॅट्स असो, मॉलिक्युलर बायोलॉजी असो की मेडिसिन, बाकीचं त्याला जोडत जा. सगळ्यातलं थोडं थोडं येणाऱ्याला टीममध्ये नेमकं काय काम द्यायचं हेच कोणाला कळत नाही.

काय शिकायचं

पहिलं म्हणजे वंशावळ काढायला शिका. हाताने, कागदावर, चौकोन गोल काढून. कोणाला आजार, कोणाला नाही, कोण लहानपणी गेलं, नवरा बायको नात्यातले आहेत का. पूर्ण जीनोम वाचायची मशीन आली तरी या कागदाला पर्याय नाही, कित्येकदा नुसती वंशावळ बघून आजार डॉमिनंट (एक बिघडलेली प्रत पुरते) आहे की रिसेसिव्ह (दोन्ही बिघडाव्या लागतात) की एक्स क्रोमोसोमवरचा, याचा अंदाज येतो आणि पुढची शोधाशोध निम्म्याने कमी होते.

दुसरं स्टॅटिस्टिक्स, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण इथेच सगळ्यात जास्त लोक आपटतात. समजा दहा हजारात एकाला होणारा आजार आहे आणि टेस्ट ९९ टक्के अचूक आहे, आजारी माणसालाही ९९ टक्के वेळा बरोबर ओळखते आणि निरोगी माणसालाही. भारी वाटतं ना? आता दहा लाख लोकांची टेस्ट करा. आजारी असतील १००, त्यातले ९९ सापडतील. निरोगी ९,९९,९००, त्यातल्या एक टक्क्याला म्हणजे ९,९९९ जणांना उगाचच पॉझिटिव्ह रिपोर्ट येईल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या दहा हजार अठ्ठ्याण्णव जणांत खरे आजारी फक्त ९९, शंभरात एकही पूर्ण नाही. हे गणित एकदा स्वतः वहीत करून बघा, नुसतं वाचू नका. ज्याला हे हाडीमासी मुरलं तो "टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहे" असं आयुष्यात कधी बोलणार नाही.

तसंच जीनोमभर शोध घेतला की योगायोगाने काहीतरी सापडणारच. दहा लाख जागा तपासल्या आणि नेहमीची ०.०५ ची मर्यादा, म्हणजे योगायोगाने वीसात एकदा चुकलं तरी चालेल अशी, लावली तर नुसत्या नशिबाने पन्नास हजार जागा "सापडतील". म्हणून जीनोमभराच्या अभ्यासात मर्यादा लावतात ती ०.०५ भागिले दहा लाख, म्हणजे दोन कोटीत एक इतकी कडक. कोणी तुम्हाला यापेक्षा ढिल्या आकड्यावर नवीन जीन सापडला म्हणून दाखवलं तर दुसऱ्या लोकांच्या गटात परत दिसला का हे विचारा.

तिसरं कोडिंग. लिनक्सची कमांड लाइन, आर किंवा पायथन यातलं एक नीट, आणि गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन. बस. पहिल्या दिवशी मशीन लर्निंगच्या मागे लागू नका, आधी एक मोठी फाइल उघडून त्यातल्या ओळी मोजता आल्या पाहिजेत आणि त्या तितक्या का आहेत हे सांगता आलं पाहिजे.

आता सराव: एकच व्हेरियंट, पण पूर्ण

माणसाचा जीनोम साधारण तीन अब्ज अक्षरांचा, आणि कोणाही माणसाचा जीनोम रेफरन्सशी, म्हणजे सगळे वापरतात त्या ठरलेल्या नमुना जीनोमशी, ताडून बघितला तर चाळीस ते पन्नास लाख ठिकाणी फरक निघतो. अशा एकेका फरकाला व्हेरियंट म्हणतात, आणि त्यातला कुठला आजाराचा, हे ओळखणं हेच आमचं रोजचं काम. म्हणून मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात एकच व्हेरियंट देते, आरएस३३४, म्हणजे सिकल सेलचा. सगळ्यांना वाटतं हा तर शाळेतला, यात काय. उघडून बघा.

जुनी पुस्तकं म्हणतात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अॅसिडच्या ऐवजी व्हॅलिन येतं. डेटाबेसमध्ये बघाल तर सातवी जागा लिहिलेली दिसेल. दोन्ही बरोबर आहे, जुन्या मोजणीत सुरुवातीचं मेथिओनिन धरत नव्हते कारण ते नंतर कापलं जातं, नवीन नियमाने ते धरतात. पुढे जा. जीनच्या भाषेत विसाव्या अक्षराला ए चा टी झालाय, पण जीनोमच्या फाइलमध्ये टी चा ए दिसेल, कारण एचबीबी हे बीटा साखळीचं जीन उलट्या बाजूच्या धाग्यावर आहे. अजून पुढे. ११ व्या क्रोमोसोमवर याचा पत्ता जीआरसीएच३७ या जुन्या नकाशात ५२,४८,२३२ आहे आणि जीआरसीएच३८ या नव्या नकाशात ५२,२७,००२. एकच जागा, दोन पत्ते, एकवीस हजारांहून जास्त अक्षरांचा फरक.

आणि सगळ्यात शेवटचा धडा. आपण नियम शिकतो की जो फरक लोकांत सर्रास सापडतो तो गंभीर आजाराचा नसतो. मग नोमॅड या सार्वजनिक डेटाबेसमध्ये आफ्रिकन वंशाच्या लोकांत याचं प्रमाण बघा, कितीतरी जास्त आहे. कारण एकच प्रत असणाऱ्याला मलेरियापासून संरक्षण मिळतं, म्हणून तो फरक पिढ्यानपिढ्या टिकला. म्हणजे नियम माहीत असायला हवा आणि तो कुठे मोडतो तेही.

हा पत्त्याचा घोळ मी इतक्या पोटतिडकीने सांगते कारण मी त्यात स्वतः अडकले होते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी दुसऱ्या गटाकडून आलेली व्हेरियंट्सची यादी मी माझ्या यादीशी जोडली, आणि दोन्हीत फारच थोडे फरक सारखे निघाले, त्यामुळे मला वाटलं आपल्या कुटुंबांत काहीतरी अगदीच नवीन आहे. तीन आठवडे मी त्यावर स्लाइड्स बनवत होते. एक दिवस सहज एक सगळ्यांना माहीत असलेला व्हेरियंट त्यांच्या यादीत शोधला, तो असायलाच हवा होता, आणि सापडेना. त्यांची यादी जुन्या नकाशावर होती, माझी नव्या. फाइलच्या वरच्या ओळीत ते लिहिलेलंही होतं, मी वाचलं नव्हतं. त्या दिवसापासून कुठलीही फाइल आली की मी आधी जे असायलाच हवं ते शोधते आणि मग नवीन काय ते बघते. हे खरं आहे का, या प्रश्नाची सुरुवात इथून होते.

आरएस३३४ झाला की क्लिनव्हार या व्हेरियंट्सच्या सार्वजनिक डेटाबेसमधून असा एखादा घ्या ज्याबद्दल दोन लॅबचं एकमत नाही, आणि एसीएमजी या अमेरिकेतल्या मेडिकल जेनेटिक्सच्या संस्थेच्या २०१५ च्या गाइडलाइन्स समोर ठेवून स्वतः निकाल द्या. त्यात पाच खाने आहेत: पॅथोजेनिक, लाइकली पॅथोजेनिक, व्हीयूएस म्हणजे अर्थ अजून ठरलेला नाही, लाइकली बिनाइन, बिनाइन. प्रत्येक पुराव्याला वजन असतं, लोकांत किती सापडतो, कुटुंबात आजाराबरोबर जातो का, प्रयोगात प्रोटीन बिघडतं का. कॉम्प्युटरचा अंदाज हा यातला सगळ्यात हलका पुरावा, हे विसरू नका.

डेटात कोण नाही ते बघा

आजवरच्या जीनोम अभ्यासांत युरोपियन वंशाच्या लोकांचा भरणा फार जास्त आहे, बाकीचे थोडे. याचा थेट त्रास पेशंटला होतो. २०१६ मध्ये आलेल्या एका पेपरमध्ये दिसलं की हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजारासाठी काही कृष्णवर्णीय पेशंटना "आजाराचा व्हेरियंट आहे" असे रिपोर्ट दिले गेले होते, आणि नंतर कळलं की ते फरक त्यांच्या समाजात सहज सापडणारे, निरुपद्रवी आहेत. सुरुवातीच्या अभ्यासात थोडी कृष्णवर्णीय निरोगी माणसं घेतली असती तरी हे टळलं असतं. त्या माणसांनी, त्यांच्या भावंडांनी, मुलांनी किती वर्षं तो रिपोर्ट उराशी धरून काढली असतील याचा विचार करा.

उलट बाजूही आहे. ल्युकेमियासारख्या आजारांत देतात ती थायोप्युरिन गटातली औषधं काहींना इतकी जड जातात की पांढऱ्या पेशी पार कोसळतात. बरीच वर्षं त्यासाठी टीपीएमटी हे जीन बघायचे, युरोपियन पेशंटमध्ये त्याने बरंच समजायचं. पूर्व आशियातल्या पेशंटना मात्र टीपीएमटी ठीक असूनही त्रास व्हायचा. २०१४ मध्ये कोरियातल्या पेशंटच्या अभ्यासातून एनयूडीटी१५ पुढे आलं आणि कोडं सुटलं. ज्यांचा डेटा कोणी बघितलेला नाही तिथे महत्त्वाचे प्रश्न अजून पडून आहेत. विषय निवडताना मी तरी तिथेच बघायला सांगेन.

गाइड आणि लॅब निवडताना

गाइडचं नाव किती मोठं यापेक्षा त्यांचे आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत ते बघा आणि त्यातल्या दोघा-तिघांशी एकट्यात बोला. किती वर्षं लागली, पहिलं नाव कोणाचं लागतं, चूक सापडली तर गाइड काय करतात. हा शेवटचा प्रश्न मी सगळ्यात वर ठेवते. "सर चिडतात म्हणून आम्ही सांगत नाही" असं उत्तर आलं तर तिथून निघा, कारण त्या लॅबमधून चुकीचा रिझल्ट बाहेर पडणार हे नक्की आणि त्यावर तुमचं नाव असणार.

दुसरं, सॅम्पल्स आणि डेटा आज हातात आहे का "मिळणार आहे"? एका ठिकाणी मला सांगितलं होतं की सॅम्पल्स फ्रीजरमध्ये तयार आहेत. होतीच. पण कन्सेंट फॉर्मवर एकाच आजाराचं नाव होतं आणि माझा प्रश्न वेगळ्या आजाराचा होता, हे कोणी तपासलंच नव्हतं. एथिक्स कमिटीने योग्यच केलं, अडवलं, आणि माझे सात महिने गेले. राग आला होता, पण फॉर्मवर सही करणाऱ्या माणसांच्या बाजूने विचार केला तर कमिटीचंच बरोबर होतं. अॅरिझोनातल्या हवासुपाई लोकांनी १९९० च्या दशकात डायबेटिसच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त दिलं, आणि पुढे तेच रक्त स्किझोफ्रेनिया आणि त्यांचे पूर्वज कुठून आले असल्या अभ्यासांना वापरलं गेलं, त्यांना न विचारता. शेवटी २०१० मध्ये अभ्यास करणाऱ्या अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने तडजोड केली, सॅम्पल्स परत दिली. तुटलेला विश्वास असा परत देता येत नाही. तर पहिल्याच आठवड्यात कन्सेंट फॉर्म मागून घ्या आणि शब्द न् शब्द वाचा.

नोंदी ठेवा, जीवापाड

अमेरिकेतल्या ड्यूक युनिव्हर्सिटीची गोष्ट या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत हवी. ट्यूमरमधल्या जीन्सच्या हालचालीवरून कोणत्या पेशंटला कोणती केमो लागू पडेल हे सांगता येतं असा दावा तिथल्या पेपर्समध्ये होता, आणि त्याच्या आधारावर खऱ्या पेशंटच्या ट्रायल्स सुरू झाल्या. कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स या दोन स्टॅटिस्टिक्सवाल्यांनी सार्वजनिक डेटा घेऊन तेच गणित परत करायचा प्रयत्न केला, जमेना. खोदत गेले तर जीन्सच्या याद्या एका ओळीने खाली सरकलेल्या, कुठे "औषध लागू पडतं" आणि "पडत नाही" ही लेबलं उलटी. त्यांनी ते २००९ मध्ये छापलं, पुढे ट्रायल्स बंद झाल्या, पेपर्स मागे घेतले गेले. एक ओळ सरकली की पुढचं प्रत्येक जीन चुकीचं, आणि दुसऱ्या टोकाला केमोची बाटली लावून बसलेला माणूस.

त्यामुळे हाताने कॉपी पेस्ट नको. कच्च्या फाइलला हात लावायचा नाही, प्रत्येक पायरी कोडमध्ये, कोड गिटमध्ये. आणि जीन्सची यादी एक्सेलमध्ये उघडू नका, मार्च१ आणि सेप्ट२ अशा नावांच्या जीन्सना एक्सेल तारीख समजून बदलून टाकायचं, आणि हे छापील पेपर्समध्ये इतकं पसरलं की २०२० मध्ये जीन्सना नावं देणाऱ्या कमिटीने जीन्सचीच नावं बदलली, मार्चएफ१ आणि सेप्टिन२ अशी.

पेशंटसमोर बसा

तुम्ही डॉक्टर नसलात तरी महिन्यातून एकदा जेनेटिक्स क्लिनिकमध्ये मागे खुर्ची टाकून बसायची परवानगी काढा. मी पहिल्यांदा बसले तेव्हा एक आई आली होती, मुलाला फिट्स यायच्या, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले. तिने जीनचा रिपोर्ट काढून "व्हीयूएस" वर बोट ठेवलं आणि विचारलं, "म्हणजे आहे की नाही?" तो व्हेरियंट आमच्याच पाइपलाइनमधून गेला होता. माझ्यासाठी ती चार हजारातली एक ओळ होती, आणि ती ओळ या बाईने किती वेळा वाचली असेल, कागदाची घडी तिथेच विरली होती. सीनियर डॉक्टर म्हणाल्या, "आज सांगता येत नाही. तुमची दोघांची तपासणी करू, औषध तूर्त तेच." नंतर वडिलांचा रिपोर्ट आला, तोच फरक त्यांच्यातही, आणि ते ठणठणीत, कधी फिट नाही. लहानपणीच जोरात दिसणाऱ्या त्या आजारात हे बसत नाही, म्हणून तो व्हेरियंट मागे पडला आणि शोध दुसरीकडे वळला. एक साधी तपासणी, आई-वडिलांचं रक्त. तेव्हापासून आई-वडिलांचं सॅम्पल नाही असं ऐकलं की मी आधी ते मिळवायच्या मागे लागते.

घाई काय करते तेही माहीत असू द्या. १९९९ मध्ये जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा मुलगा जीन थेरपीच्या ट्रायलमध्ये दगावला, त्याचा आजार आहार आणि औषधांवर आटोक्यात होता, तो पुढच्या बाळांसाठी म्हणून ट्रायलमध्ये आला होता. चौकशीत निघालं की आधीच्या पेशंटना झालेला त्रास नीट कळवला गेला नव्हता. कन्सेंट फॉर्ममध्ये काय लिहायचं आणि काय आधी सांगायचं यावरचे आजचे बरेच नियम त्यानंतर कडक झाले. ट्रायलच्या टीममध्ये गेलात की ते फॉर्म कटकट वाटतात, तेव्हा ही गोष्ट आठवा.

नोकऱ्या

पीएचडीला चार ते सहा वर्षं, मग दोन-चार वर्षं पोस्टडॉक म्हणजे दुसऱ्याच्या लॅबमध्ये तात्पुरती रिसर्चची नोकरी, आणि त्यानंतर स्वतःची लॅब सगळ्यांना मिळत नाही, हे सुरुवातीलाच कळलेलं बरं. पण कामं पुष्कळ आहेत. डायग्नोस्टिक लॅबमध्ये व्हेरियंट वाचून रिपोर्टवर सही करणारे लागतात, तिथे तुमचा निकाल त्याच आठवड्यात पेशंटपर्यंत पोचतो. जेनेटिक काउन्सेलर, मोठ्या बायोबँकांचे डेटावाले, औषध मंजूर करणाऱ्या संस्थांतले तपासनीस. औषध कंपन्यांना तर ही माणसं हवीच आहेत, कारण २०२४ मध्ये नेचरमध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की ज्या औषधामागे जेनेटिक पुरावा आहे ते यशस्वी व्हायची शक्यता २.६ पट असते. कंपनीत गेलं म्हणजे सायन्स सोडलं असं म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही, पीसीएसके९ ची इंजेक्शन्स शेवटी कंपन्यांनीच बनवली.

पहिला मेल

लॅबला मेल करताना "आदरणीय सर, मला आपल्या महान कार्यात रस आहे" असलं काही नको. त्यांचा एक पेपर निवडा, त्यातली एक आकृती नीट समजेपर्यंत वाचा, शक्य असेल तर त्यांचा सार्वजनिक डेटा उतरवून तीच आकृती स्वतः काढून बघा. मग चार ओळी: मी कोण, तुमची तिसरी आकृती मी परत काढली, एका ठिकाणी माझा आकडा वेगळा आला तो का असेल, आणि तुमच्याकडे तीन महिन्यांसाठी काम करायची संधी आहे का. बरेचदा आपलीच चूक निघते, त्याने काही बिघडत नाही, असा मेल वाचून गाइड उत्तर देतात. दोन आठवड्यांत नाही आलं तर एकदा आठवण करा, मग दुसरी लॅब. आणि तोवर आरएस३३४ च्या पानाशेजारी वहीत दुसरा व्हेरियंट सुरू करा, सीवायपी२सी१९ चा *२ नावाचा बिघडलेला प्रकार घ्या, तोही दोन्ही नकाशांत शोधा.